पायाला भिंगरी आणि वजनाला गळती: सांगलीत नव्याने राहायला आलेल्यांसाठी खाण्याची तजवीज

कामासाठी किंवा कॉलेजसाठी सांगलीत आलात, रूम घेतली. पहाटे आमराई बागेत पळायचं, दिवसभर कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनपुढे उभं राहायचं नाहीतर कॉलेजात वर्ग ते वर्कशॉप पळापळ करायची, संध्याकाळी परत सायकल किंवा तालीम. दोन-तीन महिन्यांत पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं आणि गावी गेल्यावर आई दारातच म्हणते, "काय रे, वाळलास की!" हा लेख अशांसाठी आहे. ज्यांना वजन वाढवायचं नाही आणि उतरवायचंही नाही, आहे ते राखायचं आहे, त्यांच्यासाठी.

मी या शहरात शिफ्टची नोकरी करत, सायकल चालवत, मेसचं जेवत राहिलो आहे. माझं मत असं, की आपल्याकडे चांगलंचुंगलं मिळत नाही म्हणून वजन उतरतं असं फार कमी वेळा होतं. खायची वेळ हुकते, आणि हुकलेलं खाणं नंतर कुणी भरून काढत नाही. म्हणून खाली पदार्थांच्या आधी वेळेची आणि सोयीची गोष्ट येते.

आधी एवढं जमवा

- वजनकाटा. स्वतःचा नसला तर चालेल, पण दर वेळी तोच काटा हवा.
- घट्ट झाकणाचे दोन छोटे डबे आणि एक मोठी बरणी.
- एक स्टीलचा मोठा ग्लास, चमचा, पाण्याची बाटली.
- शंभर पानी वही किंवा मोबाइलमधली नोंद.
- सकाळच्या दुधाचा रतीब. दूध तापवायला रूमवर शेगडी किंवा इंडक्शन.

## १. वजन खरंच उतरतंय का ते बघा

रोज काट्यावर उभं राहून घाबरू नका. पळून आल्यावर लिटरभर घाम गेला असेल तर काटा किलोभर कमी दाखवणारच. पाणी प्यायलात की तो परत जागेवर येतो. सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन घ्या. आठवड्यातून तीन वेळा घ्या आणि त्यांची सरासरी लिहा. तीन-चार आठवडे सरासरी खालीच सरकत असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

पण त्याआधी एक गोष्ट. रोजचं काम, व्यायाम आणि जेवण पूर्वीसारखंच असताना सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोपेक्षा जास्त, तर शेंगदाण्याची बरणी बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घामाने अंथरूण ओलं होणं, सारखी तहान आणि लघवी, उगाच छातीत धडधड, हात थरथरणं यातलं काहीही असेल तर थांबूच नका. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड यांत माणूस जेवूनही वाळतो. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत; सांगली आणि मिरज दोन्हीकडे मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. मुलींनी आणखी एक ध्यानात ठेवायचं: व्यायाम वाढला, खाणं तेवढंच राहिलं आणि पाळी लांबायला किंवा चुकायला लागली, तर 'पोलीस भरतीचं टेन्शन असेल' म्हणून सोडून देऊ नका. शरीराला खाणं पुरत नसल्याची ती खूण असू शकते.

## २. एकदाच हिशेब मांडा

कॅलरी मोजत आयुष्य काढायचं नाही. पण अंदाज यावा म्हणून एकदा कागदावर आकडे लिहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलोच्या पुरुषाला बैठं काम असेल तर दिवसाला सुमारे २११० किलोकॅलरी (बोलताना आपण यालाच कॅलरी म्हणतो) लागतात, मध्यम कष्टाला २७१० आणि जड कष्टाला ३४७०. ५५ किलोच्या स्त्रीला हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२०. बैठ्या आणि कष्टाच्या माणसातला फरक बघा: पुरुषाच्या बाबतीत तेराशेहून जास्त. मेसचं ताट मात्र दोघांना सारखंच मिळतं.

पळण्याचा हिशेब सोपा आहे. दर किलोमीटरला साधारण तुमच्या वजनाएवढ्या कॅलरी जातात. ६० किलोचा माणूस ८ किलोमीटर पळाला तर ४८० च्या आसपास. ज्वारीच्या ७० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून २४० मिळतात, म्हणजे त्या पळण्याच्या दोन भाकऱ्या झाल्या. आणि रोज फक्त ३०० कमी पडल्या तर महिन्याला जवळजवळ एक किलो जातं. ३०० म्हणजे फार नाही हो, एक हुकलेला नाश्ता.

## ३. खायच्या वेळा घड्याळावर नको, कामावर बांधा

'भूक लागली की खाऊ' हे बैठ्या माणसाला चालतं. दमणूक आणि ऊन या दोन्ही गोष्टी काही काळ भूक मारतात. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, त्या दिवसांत शिफ्ट करून आल्यावर जेवणाकडे बघवत नाही. माणूस थंड पाणी पितो आणि आडवा होतो. त्यामुळे भुकेच्या भरवशावर राहू नका.

'अकरा वाजता खायचं' असा नियमही टिकत नाही, कारण अकरा वाजता मशीन बंद पडलेलं असतं किंवा सर वर्ग लांबवतात. त्यापेक्षा जे रोज होतंच त्याला खाणं जोडा. माझी साखळी सांगतो. दात घासले की दूध. गेटवर पंचिंग करायच्या आधी पिशवीतले मूठभर दाणे-बेदाणे. पहिल्या चहाच्या सुट्टीत चहाबरोबर दशमी. जेवणाच्या सुट्टीत डबा. शिफ्ट सुटली की सायकलचं कुलूप काढायच्या आधी केळी. रूमवर आल्यावर नाही, स्टँडवरच. कारण रूमवर पोहोचलं की आंघोळ, फोन, रूममेटच्या गप्पा, आणि एकदम साडेनऊ वाजतात.

तुमची साखळी वेगळी असेल. पाच-सहा जागा शोधा आणि प्रत्येक जागेला एक पदार्थ ठरवून टाका. तिथे विचार करायची वेळ येऊ नये. चहाच्या सुट्टीत टपरीवर उभं राहून 'काय खाऊ' असा विचार केला की वडापाव तरी होतो नाहीतर नुसता चहा.

चहाबद्दल बोलायलाच हवं. कारखान्यात दिवसाला पाच-सहा कटिंग सहज होतात. त्याने भूक मरते आणि पोटात जाते ती थोडी साखर अन् दूध. चहा सोडा असं मी सांगणार नाही, सांगून कोण ऐकतंय? फक्त जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेऊ नका, आणि रिकाम्या पोटी एकट्या चहावर सुट्टी उरकू नका.

## ४. मेस लावताना विचारायचे प्रश्न

नवीन माणूस मेस लावताना दोनच गोष्टी बघतो: महिन्याचे पैसे आणि भाजीची चव. तुमच्यासारख्या पळणाऱ्याला याहून महत्त्वाचं बरंच आहे. पैसे भरायच्या आधी हे विचारून घ्या:

- ताट मर्यादित की पोटभर? 'पोटभर' म्हणजे भाकरी-चपातीही, की फक्त भात आणि आमटी?
- दुपारी किती वाजेपर्यंत आणि रात्री किती वाजेपर्यंत? सेकंड शिफ्ट अकराला सुटते, तेव्हा काय?
- डबा भरून मिळेल का? डब्यात किती चपात्या, आणि जादाचे पैसे किती?
- रविवारी संध्याकाळी बंद का? बहुतेक ठिकाणी असतं.
- खाडे कसे धरतात? आधी सांगावं लागतं का?
- दूध, अंडं, दही जादा पैशांत मिळतं का?

रविवारच्या संध्याकाळीच वजनाचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो. सकाळी दंडोबाच्या डोंगराला सायकल घालून आलेली पोरं दुपारी मेसमध्ये दाबून जेवतात, झोपतात, आणि रात्री मेस बंद म्हणून भडंगाच्या पुड्यावर भागवतात. आठवड्यातला सगळ्यात कष्टाचा दिवस आणि सगळ्यात कमी जेवण. रविवारचं रात्रीचं शनिवारीच ठरवा. कुकरला डाळ-तांदूळ एकत्र लावून खिचडी, वर तूप, सोबत दही आणि दोन उकडलेली अंडी. एवढं कुणालाही जमतं.

पोटभर थाळीचीही एक गंमत आहे. पहिल्या वाढपात आमटी पातळ, भात भरपूर. भात-आमटीने पोट टम्म होतं आणि दीड तासात परत रिकामं. मेस चालवणाऱ्या बायकांशी नीट बोललं तर त्या ऐकतात. मी सरळ सांगायचो, "मावशी, भात थोडा कमी घाला, पण भाकरीवर तेल-चटणी द्या आणि आमटीतली डाळ खालून घ्या." पहिले काही दिवस त्या हसायच्या, नंतर ताट बघूनच पळी तळापर्यंत जायला लागली. मोजके जास्तीचे पैसे देऊन रोज एक वाटी दही लावून घ्या. भाव-ताव करून मेस बदलत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

## ५. ताट तेच ठेवा, वरून घाला

ज्याचं पोट लहान आहे किंवा ज्याला वेळ नाही, त्याला 'दोन भाकऱ्या जास्त खा' हा सल्ला कामाचा नाही. एक ग्रॅम पिठातून किंवा डाळीतून साधारण साडेतीन कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेला-तुपातून ९. तेव्हा जागा कमी आणि गरज जास्त असेल तिथे स्निग्ध पदार्थ उपयोगी पडतात.

आपल्या भागात यासाठी काही नवीन शोधायला नको. शेंगदाण्याची चटणी वाटीत घ्या, मध्ये बोटाने आळं करा, त्यात एक मोठा चमचा करडई किंवा शेंगदाण्याचं तेल ओता. त्या एका चमच्यातच सव्वाशेच्या आसपास कॅलरी आहेत, चटणीच्या वेगळ्या. भाकरीचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला तर जेवण वाढल्यासारखं वाटतही नाही. वरणावर तूप, भाजीत दाण्याचा कूट, खिचडीवर कच्चं तेल आणि भाजलेला पापड, माडग्यात दूध. हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाचं पातळ गरम पेय, ज्यांना माहीत नाही त्यांनी एखाद्या सांगलीकर मित्राच्या घरी पावसाळ्यात मागून बघा. पळून आल्यावर काही चावायची इच्छा नसते तेव्हा वाटीभर गरम माडगं सहज जातं.

प्रथिनांची काळजी पोरं फार करतात. सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम ही शिफारस आहे. रोज जोराचा व्यायाम असेल तर १.२ ते १.६ पर्यंत धरतात. ६० किलोला ७० ते ९५ ग्रॅम. दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध १६, पन्नास ग्रॅम शेंगदाणे १२, म्हणजे चाळीस इथेच झाले. उरलेले भाकरी, डाळ, उसळ, दही यांतून येतात. सोबत एखादी वाटी मटकी किंवा हरभऱ्याची उसळ रोज असू द्या.

## ६. पिशवीतला खुराक

सांगलीत राहण्याचा हा खरा फायदा आहे. तासगावचा बेदाणा दारात आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. उन्हाळ्याच्या तोंडाला नवा माल यायला लागतो. गणपती पेठेत किंवा मार्केट यार्डाच्या बाजूला अर्धा किलो-किलोने घ्या. लांबट हिरवा, एकसारखा, चकचकीत दाणा महाग असतो आणि तो पाहुण्यांसाठी ठीक आहे. खिशात ठेवायला बारीक किंवा काळा बेदाणा घ्या, काम तेच होतं. घरी आणल्यावर धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडा करा, मगच बरणीत.

शेंगदाणे कच्चे आणून मंद आचेवर भाजा. भाजण्याआधी ताटात पसरून एकदा हात फिरवा: सुरकुतलेला, काळपट, बुरशी धरलेला दाणा दिसला की फेकून द्या. त्या बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. पावसाळ्यात आठवड्यापुरतेच भाजा, नाहीतर खवट होतात आणि मग सगळी बरणी पडून राहते.

एक मूठ दाणे, एक मूठ बेदाणे, म्हणजे दोन्ही ३०-३० ग्रॅम धरले तर अडीचशेच्या वर कॅलरी. दिवसातून दोनदा ही पुडी संपली तर वर म्हटलेला ३०० चा खड्डा भरून वर उरतं. छोट्या डब्यात रात्रीच भरून बुटांशेजारी ठेवा. सकाळी शोधत बसायला लागलं की राहून गेलंच म्हणून समजा.

दाण्यांचा कंटाळा येतो. तेव्हा हे आलटून पालटून:

- सातूचं पीठ: चार मोठे चमचे पीठ, लिंबाएवढा गूळ, ग्लासभर दूध. गूळ आधी दुधात विरघळवा, मग पीठ घाला, नाहीतर गाठी होतात. साधारण चारशे कॅलरी, शिजवणं नाही.
- दशम्या: दुधात मळलेल्या, दोन-तीन दिवस टिकतात. गावाहून येताना आईकडून बांधून आणा. सोबत गुळाचा खडा.
- धपाटे आणि दही.
- शेंगदाण्याचा किंवा डिंकाचा लाडू.
- केळी. खिशात दाबली जातात, डब्यात न्या.

भडंगाचं काय? सांगलीत राहून भडंग न खाणारा अजून जन्माला यायचाय. पण चुरमुरा फुललेला असतो. मोठी वाटी भरून दिसते आणि वजन भरतं पंचवीस-तीस ग्रॅम. तोंड चालतं, पोट गच्च वाटतं, शरीराला फारसं मिळत नाही. खायचंच तर त्यात मूठभर जादा शेंगदाणे टाका आणि जेवणानंतर खा, जेवणाच्या जागी नको.

मधुमेह असेल किंवा साखर वाढल्याचं कळलं असेल तर बेदाणे, गूळ, सातू-गूळ यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

## ७. व्यायामाच्या आधी आणि नंतर

पहाटे पळणाऱ्यांनी निघण्याआधी अर्धं केळं किंवा चार बेदाणे आणि पाणी, एवढं पुरे. परत आल्यावर तासाभरात खरा नाश्ता. पोलीस भरतीची १६०० मीटरची तयारी करणारी पोरं मैदानावरून थेट क्लासला जातात आणि पहिलं जेवण दुपारी एकला होतं. त्यांनी सातूचा ग्लास मैदानावरच न्यावा. दुधाऐवजी पाण्यात कालवला तर नासायची भीती नाही.

## ८. शिफ्ट आणि उपवास

थर्ड शिफ्टला जाताना जेवून जा, 'तिथे बघू' नको. मध्यरात्री जड जेवलं तर झोप आणि जळजळ दोन्ही येतात. तेव्हा दोन-अडीचच्या सुट्टीत केळं, दूध किंवा पुडी. सकाळी सुटल्यावर झोपायच्या आधी नाश्ता करायचाच. उपाशी झोपलं की दुपारी दोनला उठतो आणि दोन जेवणं गेलेली असतात.

संकष्टी, सोमवार धरत असाल तर धरा. पण जड व्यायाम त्या दिवशी नको, आणि उपवास म्हणजे फक्त चहा आणि एक केळं असं करू नका. साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटासकट, रताळं, दूध, राजगिऱ्याचा लाडू हे पोटाला पुरतं.

## ९. यात फसू नका

पैलवानांचा खुराक. हा जिल्हा मारुती मानेंसारख्या हिंदकेसरींचा. तालमीत गेलं की कुणीतरी सांगतंच, रोज दोन लिटर दूध, अर्धा पाव तूप, बदामाची थंडाई. तो खुराक दिवसाला हजारो जोर-बैठका काढणाऱ्या आणि वर्षानुवर्षं सवय असलेल्या शरीराचा आहे. शिफ्ट करून तासभर पळणाऱ्याने एकदम तो उचलला तर आधी पोट बिघडतं, आणि पोट बिघडलं की वजन आणखी उतरतं.

डब्यातली पावडर. वजन वाढवायच्या पावडरीत मुख्यतः साखर किंवा साखरेसारखी स्वस्त कार्बोदकं आणि दुधाची भुकटी असते. सातू आणि दूध हेच काम निम्म्याहून कमी पैशांत करतं. लेबल नसलेली किंवा 'आठ दिवसांत फरक' म्हणणारी भूक वाढवायची औषधं अजिबात नकोत. काहींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. तोंड सुजतं, वजन वाढल्यासारखं दिसतं, आणि शरीराचं नुकसान आत होतं.

एकदम सगळं. दाणे, तूप, दूध, अंडी सगळं एकाच सोमवारी सुरू केलंत तर गुरुवारपर्यंत गॅस धरेल आणि सगळंच बंद पडेल. आठवड्याला एकच गोष्ट वाढवा. दूध पचत नसेल तर दही किंवा ताक.

## १०. महिन्याने पुन्हा काटा

सरासरी स्थिर झाली की काही बदलू नका. अजून उतरत असेल तर एक पुडी वाढवा आणि दोन आठवडे थांबा. पुरेसं खाऊनही, दोन वेळा वाढवूनही उतरतच राहिलं तर पहिल्या पायरीतला डॉक्टरांचा मुद्दा परत वाचा.

आणि पावसाळ्यात कृष्णेला पाणी आलं, हरिपूर रोडची सायकल बंद पडली किंवा भरती संपून पळणं थांबलं, तर जेवण कमी करू नका. आधी दुसरी पुडी बंद करा, मग सातूचा ग्लास. दूध आणि दही चालू द्या.